फंडेड कंपनीतली परमनंट नोकरी

नोकरी करणाऱ्यांकडे किस्से असतात, हे सगळे मानतात. पण खरा साठा नोकरी शोधणाऱ्यांकडे असतो, यार! नोकरीत साहेब एकच असतो, शोधताना रोज नवा भेटतो. त्यातून कंपन्या जर कालपरवा निघालेल्या आणि दुसऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या असतील, तर विचारूच नका. एक किस्सा सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच तोंड घालतो. मी, दानिश आणि निखिल आजही कुठे भेटलो की हेच सुरू होतं. आमच्या बायकांना सगळे किस्से इतके पाठ झालेत की शेवट त्याच आधी सांगून टाकतात.

आधी घरची परिस्थिती सांगतो, कारण सगळ्या भानगडीचं मूळ तिथे आहे. बाबा रेल्वेत इंजिनिअर. मूळचे वर्ध्याचे, पण नोकरी जवळजवळ सगळी लखनौत. आलमबागच्या रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर. दोन हजार पंधराच्या आसपास बाबा रिटायर व्हायला आले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. बाबांचं ठरलेलं होतं: सामान बांधायचं आणि वर्ध्याला जायचं.

आईला मात्र लखनौ सोडायचं नव्हतं. दर रविवारी मराठी मंडळात ती कॉलनीतल्या पोरांना मराठी शिकवायची. ती मराठीत प्रश्न विचारायची, पोरं हिंदीत उत्तरं द्यायची, ती परत मराठीत रागवायची. गेली कित्येक वर्षं हे असंच आनंदात चाललं होतं. "वर्ध्यात मला आता ओळखतं कोण?" असं ती म्हणायची आणि मग उगाच भांडी आवरायला घ्यायची.

शेवटी बाबांनी तोडगा काढला. "मंदारची इथं लखनौत परमनंट नोकरी लागली तर भाड्याचं घर घेऊन राहू. नाही लागली तर वर्धा. मी ट्रकवाल्याला सांगून ठेवतो."

म्हणजे आईचं राहणं आता माझ्यावर आलं! मी नुकताच इंजिनिअर झालो होतो. वर्गातली निम्मी मुलं नोएडाला पळाली होती, उरलेली बंगलोरला. लखनौत आमच्यासाठी काय होतं, तर या नव्या कंपन्या. जाहिरातीत लिहिलेलं असायचं: 'फंडेड'. मी दानिशला विचारलं, फंडेड म्हणजे काय? दानिश माझा कॉलेजातला मित्र, पक्का लखनवी. तो म्हणाला, "मतलब कंपनी ने पैसा कमाया नहीं है, उसको मिला है."

*

पहिला इंटरव्ह्यू चिनहटला, एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये. आम्ही सकाळी पोचलो तर आमच्यासारखेच बरेच उमेदवार हजर. एका बाईंनी प्रत्येकाला एकेका कॉम्प्युटरपुढे बसवलं.

मला वाटलं लेखी परीक्षा. मी विचारलं, "मॅडम, टाइप क्या करना है?"

"कुछ भी. बस रुकिएगा मत."

मी लखनौ ते वर्ध्यापर्यंत आठवतील तेवढी स्टेशनं टाइप केली. संपली तशी उलटी टाइप केली. शेजारी दानिश तोंडाने पुटपुटत आपल्या खानदानातल्या सगळ्यांची नावं टाइप करत होता. दुपार झाली, तरी ना प्रश्न, ना पेपर.

मग दार उघडलं आणि कंपनीचा मालक एका बाहेरगावच्या पाहुण्याला घेऊन आत आला. "सर, ये हमारी टीम है," मालक हात फिरवून म्हणाला. पाहुणे पैसे लावणारे होते, हे तेव्हा कुठे आमच्या डोक्यात शिरलं. ते नेमके माझ्यापाशी थांबले आणि प्रेमाने म्हणाले, "आप कब से हैं यहाँ?"

मला खोटं सुचतच नाही. मी म्हटलं, "सुबह साढ़े नौ से, सर."

पाहुण्यांनी दानिशकडे पाहिलं. दानिश उठून उभा राहिला. "सर, मैं तो कल भी आया था. कल आप ही नहीं आए!"

मालक एवढ्या मोठ्याने हसला की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "सर, हमारे यहाँ का माहौल ही ऐसा है. सब मज़ाकिया लोग हैं."

आम्हाला परत बोलावणं आलं नाही. घरी बाबांनी विचारलं, "काय विचारलं रे इंटरव्ह्यूत?"

"कधीपासून आहेस, असं विचारलं."

"मग तू काय सांगितलं?"

"सकाळपासून."

"खरं बोलला ना? मग झालं," बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

*

त्या काळी या कंपन्यांना एक विचित्र खोड होती. उमेदवाराचं डोकं तपासायला विचारायचे: शहरात न्हावी किती असतील? रोज समोसे किती खपत असतील? उत्तराशी त्यांना देणंघेणं नसायचं. तुम्ही अंदाज कसा बांधता, एवढंच त्यांना बघायचं असायचं. हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं.

दानिशला बंगलोरहून फोन आला. तिकडून प्रश्न: "चारबाग स्टेशन के बाहर इस वक़्त कितने ऑटो होंगे? टेक योर टाइम."

दानिश म्हणाला, "सर, चार बजे तक बता दूँ?"

तिकडचा माणूस गोंधळून हो म्हणाला. दानिशने स्कूटर काढली, मला मागे बसवलं आणि आम्ही थेट चारबागला! भर दुपारी तो स्टेशनसमोर उभा राहून बोट दाखवून ऑटो मोजतोय, आणि ऑटोवाले त्याला पोलिसांचा माणूस समजून भराभर पळ काढतायत. एका हमालाने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "भैया, चालान कटने वाला है का?"

चार वाजता दानिशने फोन लावला. "सर, गिनती नहीं हो पा रही. हिल रहे हैं."

 मग तो माणूस म्हणाला की अशी मेहनत घेणारा उमेदवार त्यांनी अजून पाहिलेला नाही, आणि त्यांनी दानिशला पुढच्या फेरीत घेतलं. पुढच्या फेरीत प्रश्न आला: भारतात पेट्रोल पंप किती?

दानिश म्हणाला, "सर, इसके लिए रिज़र्वेशन करवाना पड़ेगा."

*

शेवटी गोमतीनगरात निखिल रस्तोगी सापडला. आमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, म्हणून निखिल भैया. घरोघर भाजी पोचवणारं ॲप काढलं होतं. बंगलोरच्या कुणीतरी थोडे पैसे दिले होते आणि ऑफिस होतं त्याच्याच घराच्या वरच्या मजल्यावर. खाली आई-वडील, वर कंपनी.

त्याने मला एक प्रोग्रॅम लिहायला दिला. मी लिहिला. चालला नाही. पुन्हा लिहिला, तर त्याचा लॅपटॉपच बंद पडला. निखिल भैया सभ्य माणूस, "कोई बात नहीं," म्हणाला. मला कळलं की गेली ही पण. जिना उतरत होतो तेवढ्यात त्याच्या आईने, रस्तोगी आंटींनी, अडवलं. "बिना नाश्ता किए जाओगे?"

आंटींनी खस्ता कचोरी वाढली आणि समोर बसून चौकशा सुरू केल्या. सकाळी किती वाजता उठतोस? आंघोळ करून बाहेर पडतोस ना? आईला फोन करतोस का, की तिलाच करावा लागतो? मी सगळी खरी उत्तरं दिली, खाऊन झाल्यावर ताट उचललं आणि आमच्या घरच्या सवयीने मोरीत नेऊन ठेवलं.

मी कॉलनीच्या फाटकाशी पोचतो न पोचतो तोच निखिल भैयाचा फोन. "मंदार, सोमवार से आ जाओ."

"पर भैया, प्रोग्राम तो चला नहीं!"

"हाँ यार, वो देख लेंगे. मम्मी ने हाँ कर दी है."

त्याच आठवड्यात मी दानिशला चिकटवून दिला. जाण्याआधी त्याला एकच गोष्ट बजावली होती: ताट उचल. त्याने स्वतःचं उचललंच, शेजारच्या उमेदवाराचंही, तो जेवत असताना, उचललं.

*

नोकरी लागली, पण परमनंट नव्हती. निखिल भैयाने साफ सांगितलं, "अगले पैसे आते ही सब कन्फर्म." हे ऐकून बाबांचा चेहरा पडला. "म्हणजे त्याचंच कन्फर्म नाही, अन् तो तुला कन्फर्म करून राहिला?"

आमच्याकडे मुलगी देताना स्थळाची चौकशी करतात. बाबांनी कंपनीची केली, अगदी त्याच पद्धतीने! मंडळातल्या जोगळेकर काकूंचे मिस्टर शास्त्रज्ञ, त्यांच्या प्रयोगशाळेत कुणी रस्तोगींच्या नात्यातलं. चार दिवसांत रिपोर्ट आला: मुलगा निर्व्यसनी आहे, एकुलता एक आहे, आजोळ कानपूरचं, तब्येतीने जरा नाजूक. कंपनीबद्दल एक अक्षर नाही.

मग बाबा स्वतःच बघायला आले. सोबत आई आणि चकल्यांचा डबा. बाबांनी जन्मभर इन्स्पेक्शनं केलेली. आल्या आल्या त्यांनी मीटरची पेटी उघडायला लावली. वायरिंग पाहिलं, गच्चीवरची टाकी पाहिली, जिन्याचा कठडा हलवून पाहिला. "आग लगेगी तो किधर से उतरोगे?" त्यांनी निखिल भैयाला विचारलं. ॲप बनवणाऱ्या त्या बिचाऱ्याला हे कुणी पैसेवाल्यानेसुद्धा विचारलं नव्हतं.

ऑफिसात आले तेव्हा आमची सकाळची मीटिंग सुरू झाली होती. ही मीटिंग उभ्यानेच करायची पद्धत असते, म्हणजे लांबत नाही. आम्ही सगळे गोल करून, मान खाली घालून, फोनमध्ये बघत गप्प उभे. बाबा दारात थबकले. चपला काढल्या, हात जोडले आणि आमच्या गोलात येऊन मान खाली घालून उभे राहिले. आईनेही पदर सावरला.

मीटिंग संपल्यावर बाबा निखिल भैयाजवळ गेले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "कौन गए?"

ॲप बंद पडल्याने निखिल भैया रात्रभर जागा होता, त्याची अवस्था काही कळण्यापलीकडची. तो तितक्याच दुःखाने म्हणाला, "अंकल, सर्वर."

"उमर क्या थी?" बाबांनी विचारलं.

*

पगार यथातथा, म्हणून निखिल भैयाने आम्हाला हुद्दा आपापल्या पसंतीने घ्यायला सांगितलं. मी असिस्टंट इंजिनिअर घेतला, कारण बाबांना तो समजला असता. दानिश चहा संपेपर्यंत विचार करत बसला आणि व्हाइस प्रेसिडेंट झाला. लगेच कार्डंही छापून आणली.

पहिलं कार्ड त्याने आमच्याकडे येऊन बाबांच्या हातात ठेवलं. बाबांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं. ज्या माणसाची एकेक बढती मिळवण्यात वर्षंच्या वर्षं गेली, त्याला काय वाटलं असेल, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि वाईटही वाटत होतं.

"व्हाइस प्रेसिडेंट! अच्छा. और प्रेसिडेंट कौन है?"

"अभी कोई नहीं है, अंकल. पोस्ट खाली है."

बाबांनी कार्ड खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळले. "पोस्ट खाली हाय तर तू काऊन अर्ज नाही टाकला?"

*

यातला सगळ्यात जास्त ताप झाला तो आईला. मी रुजू झालो तेव्हा कंपनी भाजी पोचवत होती. महिन्याभरात निखिल भैयाला उमगलं की भाजी सडते. मग आम्ही घरोघर शिकवणीचे मास्तर पाठवायला लागलो. मास्तर सडत नाहीत, पण वेळेवर येत नाहीत. मग धोब्यांचं ॲप काढलं. माणसं तीच, खुर्च्या त्याच, फक्त फळ्यावरचं नाव बदलायचं.

मंडळात हळदीकुंकू होतं. जोगळेकर काकूंनी विचारलं, "मंदार काय करतो गं सध्या?"

"भाजीचं बघतो," आई म्हणाली.

पुढच्या खेपेला भेटल्या तेव्हा आई म्हणाली, "आता गणिताच्या शिकवण्या बघतो."

त्याच्या पुढच्या खेपेला आई काही बोलेना. काकूंनी खोदून विचारल्यावर म्हणाली, "धोबी."

काकूंना मनापासून काळजी वाटली. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "एवढ्या भराभर नोकऱ्या सोडू देऊ नकोस गं त्याला. लग्नाच्या वेळी लोक म्हणतात, मुलगा टिकत नाही."

आई उसळून म्हणाली, "मुलगा तिथेच बसलाय हो! कंपनीच उठून जाते!"

घरी येऊन हे सांगताना आई हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. घरात खोके यायला सुरुवात झाली होती. तिने अजून एकही भरला नव्हता. आईला रडताना मी फार कमी वेळा पाहिलंय. त्या दिवशी मला कंपनीचा, निखिल भैयाचा आणि स्वतःचा मनस्वी राग आला.

*

आणि मग तो शनिवार. बंगलोरचे पैसेवाले साहेब स्वतः येणार होते. पुढचे पैसे द्यायचे की नाहीत, ते बघून ठरवणार. पैसे आले की आम्ही कन्फर्म. नाही आले तर सोमवारी सकाळी आमच्या दाराशी ट्रक.

साहेबांना अमौसी विमानतळावरून आणायला गाडी हवी. निखिल भैयाची गाडी गॅरेजमध्ये, दानिशची स्कूटर. सगळ्या कंपनीत मिळून धड गाडी एकच, ती म्हणजे बाबांची. आणि बाबा आपली गाडी दुसऱ्याला चालवू देत नाहीत! निखिल भैयाने हात जोडले, "अंकल, बस कुछ पूछिएगा मत." बाबांनी शब्द दिला आणि येताना पाळलाही. साहेब मागे बसून सारखे फोनवर बोलत होते. जीन्स, पांढरे बूट, कानात वायर. बाबा फक्त एकदाच म्हणाले, "बेल्ट लगा लीजिए."

दिवसभर दाखवण्याचा कार्यक्रम झाला. निखिल भैयाने पडद्यावर आकडे दाखवले, दानिशने कार्ड दिलं, आंटींनी कचोरी दिली. साहेब सगळ्याला मान डोलवत होते, पण हो म्हणत नव्हते. "हम लोग बताएँगे," एवढं बोलून संध्याकाळी ते निघाले. निखिल भैया जिन्यातच बसला. मी गाडीत मागे बसलो आणि सोमवारबद्दल विचार न करण्याचा प्रयत्न करत राहिलो.

वाटेत साहेबांना विमान लेट असल्याचा मेसेज आला. आलमबाग रस्त्यातच. बाबा म्हणाले, "चलिए, घर पर चाय पीते हैं." साहेबांना नाही म्हणायला जागाच ठेवली नाही.

घरात सगळीकडे अर्धवट भरलेले खोके. आईने त्यातूनच एक पाट काढला, पिठलं टाकलं, गरम पोळ्या केल्या. साहेब आधी नको-नको म्हणाले, मग फोन उलटा करून ठेवला आणि तीन पोळ्या जेवले. "आंटी, शिफ़्ट हो रहे हैं?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "पता नहीं, बेटा." आणि वाढायला घेतलं.

आता शब्द संपला असं धरून बाबांनी विचारलंच. "आपका खुद का परमनंट है?"

 साहेबांनी हातातला पोळीचा तुकडा परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "नहीं, अंकल. हमको भी ऊपर वाले पैसा देते हैं. हर साल बुलाकर पूछते हैं, क्या किया."

"अच्छा," बाबा म्हणाले.

साहेबांनी भिंतीवरचा बाबांच्या नुकत्याच झालेल्या निरोप समारंभाचा फोटो पाहिला. हार घातलेला, सगळं ऑफिस मागे उभं. बराच वेळ पाहिला. मग आवाज खाली आणून, मी ऐकत नाहीय असं समजून, त्यांनी विचारलं, "अंकल, रेलवे में भर्ती की उमर कितनी तक होती है?"

"तुम्हारी कितनी है?"

"चौंतीस."

बाबांनी मान हलवली. "निकल गई, बेटा."

"बिल्कुल? कोई रास्ता नहीं?"

"कोई नहीं."

बाबा उठले, हात धुतले, पुसले, मला म्हणाले, "परमनंट तर कोणीच नाही, मग कशाची वाट पाहायची?" आणि फोन घेऊन व्हरांड्यात गेले. आतून आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"हाँ, भैया, नमस्कार. सोमवार वाला ट्रक कैंसिल कर दीजिए. हाँ, हाँ, पक्का."